हिरवी गेली, लाल आली

११ नोव्हेंबर, मंगळवार

सायकल नाही.

सकाळी साडेसहाला खाली उतरले तर जिन्याखालची जागा रिकामी. आधी वाटलं, यांनी सरकवली असेल. मग वाटलं, वॉचमनने पुसायला काढली असेल. तो उभ्या आयुष्यात काही पुसायला काढत नाही, तरी वाटलं. पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या. कुलूप फरशीवर पडलेलं. तुटलेलं नाही, उघडलेलं. ते हेअरपिननेही उघडतं हे मला माहीत होतं. चोराला कळायला काय वेळ लागणार?

वर आले. हे चहा घेत होते. म्हटलं, "अहो, सायकल गेली."

"कुठे?"

जणू मला सांगून गेलीय.

रिक्षाने शाळेत. तरी उशीर. सहावीला नकाशातल्या दिशा शिकवायच्या होत्या. फळ्यावर पूर्वेच्या जागी पश्चिम लिहिली. कुणी काही बोललं नाही. मुलंही कधीकधी फार सभ्य वागतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सोसायटीचा कॅमेरा बघितला. त्याचं तोंड चेअरमनसाहेबांच्या गाडीकडे आहे. गाडी रात्रभर सुरक्षित होती एवढं फुटेजवरून सिद्ध झालं.

संध्याकाळी चौकीत. हवालदार माणूस बरा. बसायला खुर्ची दिली.

"कंपनी?"

"नाव पुसलंय."

"रंग?"

"हिरवा. त्याआधी निळा होता. त्याआधी काळा."

"बिल?"

"वडिलांकडे होतं."

"मग वडिलांना घेऊन या."

"वडील नाहीत."

तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा उचलून विचारलं, "किंमत काय लिहू?" मी आकडे जुळवत बसले. त्यांनीच 'जुनी, वापरती' असं लिहिलं. ओळखीची खूण विचारली. सीटखालच्या दांड्याला वेल्डिंगची गाठ आहे, बोरापेक्षा जरा मोठी, हे सांगितलं. तेही लिहिलं.

घरी येताना विश्रांतवाडीच्या चौकात उभ्या असलेल्या प्रत्येक सायकलकडे बघत आले. माझ्या डोक्यात बिघाड झालाय असं लोकांना वाटलं असेल तर वाटो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बसने तिसरा दिवस. पायरी उंच, गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले होते, वानखेडे बाई, सायकल आहे म्हणून गुडघे आहेत. आता बघू.

शाळेत बालदिन. सहावीच्या मुलींनी गुपचूप कागद तयार केला आणि फाटकाला चिकटवला. 'आमच्या बाईंची सायकल हरवली आहे. रंग हिरवा. घंटी मोठी. स्वभाव शांत. सापडल्यास परत द्यावी, बाई रागावणार नाहीत.'

शेवटचं वाक्य मला न विचारता लिहिलंय.

मुख्याध्यापकांनी दुपारी काढायला लावला. शाळेच्या भिंतीवर खाजगी जाहिरात चालत नाही म्हणे. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

यांच्या स्कूटरवर मागे बसून कळस, धानोरी, सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली. किती सायकली लोळत असतात. एकमेकींत पाय अडकवून. एकही माझी नाही. एका दुकानदाराने विचारलं, "ताई, तीच हवी का? हिरवी दुसरी दाखवू का?"

परत येताना हे म्हणाले, "लोखंड होतं गं ते. माणूस नव्हतं."

बरोबर आहे त्यांचं. 

पण लोखंड म्हणून सोडून देता येत नाही त्याचं कारण आज लिहून ठेवते. डी.एड.ला नंबर लागला तेव्हा बाबांनी ती घेतली. खडकीच्या फॅक्टरीत होते, क्वार्टरपासून चालत जायचे, चालत यायचे. वऱ्हाडातले, कारंज्याकडचे. सायकल कधी शिकले नाहीत. आईचं म्हणणं, पोरीच्या जातीले काहाले? बाबांनी चपला घातल्या. मला घेऊन बसने बुधवार पेठेत गेले आणि दुकानात सगळ्यात पुढे उभी होती ती घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की ना त्यांना चालवता येते, ना मला. टेम्पो करायला जवळ काही उरलं नव्हतं. मग आम्ही ती हातात धरून खडकीपर्यंत चालत आणली. थोडा वेळ ते धरायचे, थोडा वेळ मी. संगम पुलावर एकाने थांबून विचारलं, "काय काका, पंक्चर का?"

बाबा म्हणाले, "पंक्चर नाही जी, नवी हाय."

पुढे अजून दोघांनी विचारलं. दोघांनाही हेच, तितक्याच आनंदाने.

अडतीस वर्षं झाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रज्ञाचा बंगलोरहून व्हिडिओ कॉल. "आई, चिल. ई-स्कूटर घे ना, मी इथून ऑर्डर करते, डायरेक्ट घरी येईल."

म्हटलं, नको. मला पायाने चालणारं वाहन हवं.

"मग सायकल ऑर्डर करते."

म्हटलं, नको. बसून बघितल्याशिवाय नाही.

"बाबा, तुम्ही सांगा ना तिला काहीतरी."

बाबांनी, म्हणजे माझ्या यांनी, फोनसमोरून बाजूला होऊन पेपर उघडला. शहाणा माणूस.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर नारायण पेठेत, सायकलच्या मोठ्या दुकानात. दारातच पाटी. 'सायकलला हात लावण्यापूर्वी विचारावे. विचारण्यापूर्वी विचार करावा.' विचार करूनच आले होते, आत गेले.

काउंटरवरचा म्हणाला, "बोला आजी, नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, फिटनेससाठी."

"शाळेसाठी."

 म्हटलं, शिकवते मी. आजी व्हायला अजून अवकाश आहे.

मग त्याने खरंच कळकळीने दाखवल्या. एकवीस गिअर. सीट अशी की पक्ष्याने बसावं. कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, साडीची जाळी नाही. वह्या कुठे ठेवू, तर पाठीवर बॅग घ्या. साडी चेनमध्ये जाईल, तर ड्रेस घाला मॅडम. सगळ्याला उत्तर होतं त्याच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर लेडीज आहेत म्हणाला. त्या गुलाबी, पुढे टोपली, टोपलीवर फुलपाखरू.

रिकाम्या हाताने बाहेर. गुडघा दुखत होता म्हणून समोरच्या कट्ट्यावर बसले जरा. लोक येत होते, हँडल धरून बघत होते. घेणारे होते, आनंदी होते. मीच

असो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

शेखभाईंचा निरोप, दुकानावर या. धानोरी रस्त्यावरचं त्यांचं दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. पंचवीस वर्षं माझी सायकल त्यांच्याच हाताखाली. ती वेल्डिंगची गाठ त्यांनीच घातलेली. चोरीचं कळलं तेव्हा मला म्हणाले होते, "बाई, घरातलं माणूस गेल्यावर मी पण लगेच नाही बोलत," आणि खरंच बोलले नव्हते.

आज म्हणाले, "एक बॉडी मिळालीय. जुनी, पण हाडं मजबूत. बाकी मी जोडतो. रंग तेवढा सांगा."

मी सांगितलं, हिरवा सोडून कुठलाही.

"का?"

"हिरवी होती."

त्यांनी मान हलवली. 

२९ नोव्हेंबर, शनिवार

लाल.

शेखभाईंनी रंग स्वतः दिलाय. पोस्टाच्या पेटीसारखा. उंच आहे, हिरवीपेक्षा चार बोटं तरी. माझे पाय पुरतात, नशीब बाबांची उंची मिळालीय. ब्रेक लगेच लागतो, पहिल्या चौकात पुढे झुकले. घंटीचा आवाज बारीक, कुणी बाजूला होत नाही.

पण चालते छान. खोटं कशाला लिहू. नाल्यापुढच्या चढाला हिरवी दमवायची, ही दमवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

लाल शाळेत नेली. फाटकापाशी सहावी उभी होती. टाळ्या. मुख्याध्यापक खिडकीतून बघत होते, त्यांनीही हात वर केला. गुडघा गप्प. सातवीच्या वह्या तपासून झाल्या. बाजारात हरभऱ्याची भाजी आली.

एक चांगला दिवस. नोंदवून ठेवते.

३ डिसेंबर, बुधवार

लालची चेन सैल वाटली म्हणून शेखभाईंकडे थांबले. चेन आवळून झाली तरी ते पाना हातात धरून बसले होते.

"बाई, एक सांगायचंय. तुमची गाडी आली होती काल. पंक्चरला."

मला वाटलं, लाल कधी पंक्चर झाली?

"जुनी. हिरवी. गाठ बघितली मी. माझाच हात आहे, मला कळणार नाही?"

"कोण होतं?"

"एक बाई. पोळ्या करते घरोघरी. धानोरीवरून येते. पंधरा-वीस दिवस झाले म्हणते घेऊन."

"आणि तुम्ही जाऊ दिलीत?"

मी ओरडलेच बहुतेक. शेजारचा भाजीवाला बघायला लागला. शेखभाई शांत. म्हणाले, "पंक्चर काढून पैसे देऊन गेली. मी कोण अडवणारा? तिने विकत घेतलीय. चोर दुसराच कुणी असेल, तो मागेच निघून गेला." मग म्हणाले, "तुमच्यापासून लपवलं असतं तर मला झोप लागली नसती. सांगितलं, आता तुमची झोप गेली."

खरं आहे.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात. दरवर्षीप्रमाणे सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. मन जागेवर नव्हतं. मेणबत्तीच्या रांगेत उभी राहून मी हवालदाराला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. तक्रारीची पोच माझ्याकडे आहे. खूण लिहिलेली आहे. मी म्हटलं तर सायकल माझी, पाच मिनिटांचं काम.

हे म्हणाले, "चौकीत जायचं तर आत्ताच जाऊ." म्हटलं, आज नको.

त्यांनी स्कूटर घराकडे वळवली.

९ डिसेंबर, मंगळवार

आज दिसली.

एक वाजून गेला होता. शाळेतून परत येत होते. धानोरी रस्त्याला लागले तर पुढे ती. आधी सायकल दिसली, बाई नंतर. मागचं चाक फिरताना जरा डावीकडे लचकतं, बसल्यावर जाणवायचं ते आज दिसलं.  वेग वाढवला.

"ओ बाई! ओ ताई! थांबा!"

तिने मागे बघितलं. लाल सायकलवर एक मास्तरीण घंटी बडवत अंगावर येतेय, हे बघून ती जास्त जोरात पळाली. मीपण. छप्पन्न वर्षांची बाई भर दुपारी रस्त्याने सायकलची शर्यत लावतेय. विद्यार्थ्यांनी बघितलं असेल तर उद्या कळेलच. तिला थांबता येत नव्हतं हे माझ्या लक्षात उशिरा आलं. नवशिकी होती. रसवंतीच्या बाकावर जाऊन आपटली.

कोपर सोललं. रक्त. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते, ते सगळं राहिलं आणि पर्समधला रुमाल काढला. रसवाल्याने पाणी दिलं. ती पहिल्यांदा बोलली ती मला नाही, सायकलला. "लागलं का गं तुले?"

तुले.

आमच्या घरी असंच बोलायचे. बाबा शेवटपर्यंत.

घर जवळ होतं. वर घेऊन आले, हळद लावली, चहा टाकला. मंदा नाव. मंगरूळपीरकडची. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याने येतो. दहा वर्षांची मुलगी. चार घरी पोळ्या. कप अर्धा होईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं. सायकल माझी आहे, चोरीला गेली होती.

तिने कप खाली ठेवला. कोपरावरची हळद बोटाने पुसली.

"म्या पैसे मोजून घेतली ताई. रस्त्यावर एक जण इकत होता. मले काय मालूम चोरीची हाय."

"मी तुला चोर म्हणत नाहीये."

"मंग काहाले मागं लागल्या?"

 ती उठली. चहा तसाच. दारात वळून म्हणाली, "राहू द्या तुमची तुमच्यापाशी."

खिडकीतून बघितलं. भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन चालत गेली. सायकलला एकदाही हात लावला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

हिरवी जिन्याखाली. लाल तिच्या शेजारी.

यांनी उत्साहाने तेलपाणी केलं. प्रज्ञाला फोन. ती म्हणाली, "आई, मिरॅकल आहे हे! सेलिब्रेट करा." यांनी येताना जिलबी आणली.

हिरवीवर बसून बघितलं. सीट अगदी खाली नेलेली, गुडघे हँडलला लागले. वर करायला पाना घेतला आणि तसाच ठेवला. हँडलला कापडी पिशवी लटकत होती, काल घाईत राहिलेली. आत लाटणं. मधोमध झिजून बारीक झालेलं. पोळ्या करणारी बाई स्वतःचं लाटणं बरोबर ठेवते. लोकांच्या घरच्या लाटण्यावर हात बसत नाही.

आज तिने पोळ्या कशाने केल्या असतील?

जिलबी खाल्ली. गोड होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चौकीत गेले. तक्रार मागे घ्यायची म्हटलं. हवालदार खूश. "बघा, मिळाली की नाही! कुठे सापडली?"

इथे मी थांबले. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न, कुणाकडे? मग तिला बोलावणार, बसवून ठेवणार.

"जिथे हरवली तिथेच," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"जिन्याखाली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मग हरवलीच नव्हती?"

"चष्मा बदलायला झालाय."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला सांगते. पोलिसांसमोर खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे माहीत नव्हतं.

घरी यांना सांगितलं. हे हसत सुटले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण मग आता तिला चोर म्हणणारं कुणी राहिलं नाही. आपण सोडून."

म्हटलं, मी म्हटलेलं नाही.

"मनात?"

१४ डिसेंबर, रविवार

लाटणं द्यायला गेले. लालवरून. पत्ता शेखभाईंकडून. धानोरीच्या टेकडीकडे, खोल्यांच्या रांगेत शेवटून दुसरी. मंदा दारात मेथी निवडत होती. मला बघून उठली नाही, पण पाट सरकवला.

लाटणं घेतलं. उलटंपालटं करून बघितलं, मी बदललं तर नाही ना, अशा नजरेने. मुलगी आत इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती, चुकत होती. मला राहवेना. आत जाऊन दोन शब्द सुधारले. तिने विचारलं, "तुम्ही सायकलवाल्या का?"

काय सांगू? हो म्हटलं.

मंदा हळूहळू बोलायला लागली. चालत जायची तेव्हा घरी यायला तीन वाजायचे. मुलगी एक वाजता सुटते, शेजारणीच्या पायरीवर बसून राहायची. "शेजारीण काही म्हणत नाही. पण दार लोटून घेते." सायकल आल्यापासून एकदोन मिनिटं इकडेतिकडे, पण मुलीच्या मागोमाग घरी. शिकवायला कुणी नव्हतं. पहाटे मैदानात एकटीच पडत शिकली. "सात खेपा पडली. आठव्या खेपेला गेली ना मी सरळ, भिंतीपावतर."

मी ठरवून गेले होते ते बोलले. लाल सायकल तू घे. नवीच आहे जवळजवळ.

"नको."

"अगं, फुकट म्हणून नाही"

"मी चोर नाही ताई, अन् मागून खाणारीबी नाही."

मेथीची जुडी संपली. तिने देठं गोळा केली. मी उठले. मुलगी फाटकापर्यंत सोडायला आली.

उतारावर ब्रेक धरून येताना मनात बाबा. ते असते तर काय म्हणाले असते हे मला नक्की माहीत आहे असं मी दिवसभर धरून चालले होते. खरं म्हणजे माहीत नाही. त्यांनी ती माझ्यासाठी घेतली होती. दुसऱ्या कुणाला दिलेली त्यांना आवडलीही नसती कदाचित. साधा माणूस होता, संत नव्हता.

१६ डिसेंबर, मंगळवार

शेखभाईंकडे मन मोकळं केलं. ते म्हणाले, "तुम्ही देताय म्हणून ती घेत नाही. मी बोलतो. सांगेन, हिरवीच्या बदली लाल देतोय. तिने पैसे दिलेत, तिला सायकल मिळायला पाहिजे. तुमची तुम्हाला मिळाली. हिशोब साफ."

"ऐकेल?"

"माझ्याकडे गिऱ्हाईक ऐकतं. तुम्ही मास्तरीण आहात, तुम्ही समजावता. समजावलं की माणूस ऐकत नाही."

१७ डिसेंबर, बुधवार

मंदा आली. शेखभाईंनी दुपारी बोलावलं होतं, मी लाल आणि हिरवी दोन्ही घेऊन गेले. म्हणजे एक चालवत आणि एक हातात धरून, एकदाही घसरले नाही.

बदलीचं तिला पटलं. लाजत का होईना, लालचं हँडल धरलं, रंगावरून बोट फिरवलं. "झ्याक हाय." शेखभाईंनी सीट पार खाली बसवली. ती चढली.

पाय पुरेनात.

पंजे पॅडलला लागायचे आणि खाली गेले की सुटायचे. एकदा पडता पडता मी धरली. शेखभाईंनी अजून खटपट केली, सीट काढून नुसती गादी बांधून बघितली. बॉडीच उंच, त्याला काय करणार? मंदा लहानखुरी, माझ्या खांद्याला लागते. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा घामाने भिजली होती.

"राहू द्या जी. मले ते हिरवीच जमली होती. दुसरी काही जमायची नाही."

मागायचं म्हणून नव्हतं ते बोलणं. सांगितलं फक्त. आणि निघाली.

शेखभाई घमेल्यातलं पाणी बदलायला लागले, ते बदलायची गरज नव्हती. हिरवी पत्र्याला टेकून उभी. सीट अजून तिच्याच मापाला. मी पाना लावलाच नाहीये आठवडाभर. का नाही लावला, हे मला आज तिथे उभं असताना कळलं आणि त्याचा मला राग आला. माझी आहे ती. बाबांनी घेतलेली. मी तिच्यासाठी पंधरा दिवस रस्ते धुंडाळले. कुणाच्या तरी पायाला पुरते म्हणून

हाक मारली तिला. "मंदा, उद्या सकाळी सहा चाळीसला चौकात ये."

"काहाले?"

"ये तर."

घरी यांना सांगितलं. त्यांनी पेपर मिटला. मग म्हणाले, "पक्कं ठरलंय?"

म्हटलं, नाही. उद्याचं ठरलंय.

१८ डिसेंबर, गुरुवार

मधल्या सुट्टीत लिहितेय. सहावीचा दंगा चालू आहे बाहेर.

थंडी होती. यांनी हिरवी चौकापर्यंत आणून दिली, मी लालवर. हे पायी परत गेले. मंदा आधीच उभी, स्वेटरवर स्कार्फ, पिशवी खांद्याला. मी हिरवी तिच्याकडे केली. म्हटलं, आज ही ने. कामं कर.

तिने घेतली. हात फिरवला नाही, पिशवी हँडलला अडकवली आणि पाय टाकला. आम्ही दोघी एकामागे एक निघालो. ती पुढे. चालवताना मान ताठ ठेवते, खांदे वर, जणू डोक्यावर घागर आहे. मागचं चाक लचकतंय. त्या दिवशीची शर्यत सोडली तर ते मला अडतीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं, मी नेहमी वर बसलेली.

पुढच्या सिग्नलला लाल. दोघी थांबलो. आज तिला थांबता आलं, एक पाय फुटपाथवर टेकून. मला सरळ जायचं, तिला डावीकडे. तिने वळून बघितलं आणि विचारलं,

"ताई, संध्याकाळी कुठी आणून ठेवू?"

मी तोंड उघडलं. सिग्नल सुटला. मागून टेम्पोचा, रिक्षांचा, सगळ्यांचा हॉर्न एकदम. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते माझं मलाही नीट ऐकू आलं नाही. तिने मान डोलावली आणि डावीकडे वळली.

तिला काय ऐकू गेलं कोण जाणे.

घंटा झाली.